प्रक्षेपणाचा रकाना

तुरीला फुलं आली की माझं डोकं फिरतं. हे काही शेतीचं दुखणं नाही, माझ्या नावावर वीतभरही शेत नाही. पण तूर पिवळी होते त्याच दिवसांत आमच्याकडे हौशी नाट्यस्पर्धेचे अर्ज निघतात. सोयाबीन घरात नाहीतर बाजारात गेलेलं असतं, रिसोडच्या रस्त्यावरची गाड्यांची रांग ओसरलेली असते, बांधावर कुटाराचे, सोयाबीनच्या भुशाचे, ढीग पडलेले असतात. सकाळच्या प्रार्थनेला पोरांच्या तोंडातून वाफा निघायला लागतात. कोणाला या दिवसांत हुरडा आठवतो, कोणाला शेकोटी. मला गरम होणाऱ्या काचेचा वास आठवतो आणि पाठोपाठ तळपायाची आग मस्तकात जाते.

यंदा अर्ज मोबाइलवर आला. मधल्या सुट्टीत चहाचा कप हातात धरून मी तो वाचत होते. सगळं नेहमीचंच, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, रंगभूषा, वेशभूषा. आणि खाली ठळक अक्षरांत, यंदापासून नवे पारितोषिक: सर्वोत्कृष्ट प्रक्षेपण संकल्पना. म्हणजे नाटक चालू असताना पडद्यावर, भिंतीवर, अगदी नटांच्या अंगावरसुद्धा जी चित्रं, सावल्या, हलती दृश्यं पडतात, ती ज्यानं रचली त्याला वेगळं बक्षीस. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अवो मॅडम, हे तं तुमच्या मनासारखं झालं! कधीच्या बोलून राह्यल्या होत्या तुमी याच्यासाठी." मी हसलेसुद्धा नाही. कप खाली ठेवला तो जरा जोरातच, चहा हजेरीपटावर सांडला.

अकरा वर्षं. अकरा वर्षं उशीर करायचा आणि मग ठळक अक्षरांत छापायचं, जणू काही यांच्याच डोक्यातून निघालं.

तेव्हा मी मंगरूळपीरच्या शाळेत होते. दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रफिकभाईंचं काचेचं दुकान होतं, अजून आहे. फोटोच्या चौकटी, आरसे, टीपॉयच्या काचा, खिडक्यांची तावदानं. हिऱ्याच्या कलमानं काचेवर एक रेघ ओढायची आणि दोन्ही हातांनी अलगद दाबून ती कट्‌ करून तोडायची, हे त्यांचं काम मी कितीदा उभी राहून पाहिलं असेल. शाळेच्या भांडारखोलीचं तावदान फुटलं म्हणून ते एकदा आले होते. कोपऱ्यात एक जुनं प्रोजेक्टर धूळ खात पडलेलं. खाली दिवा, वर सपाट काच, त्यावर मान वाकवून उभा असलेला भिंगाचा दांडा. पूर्वी पारदर्शक प्लास्टिकवर लिहून त्यावर ठेवायचे आणि धडा भिंतीवर दिसायचा.

"मॅडम, हे कायचं मशीन हाय?"

मी सांगितलं.

"निस्ता कागदच चालते का याच्यावर?"

त्यांनी प्लग लावला. खिशात हिरव्या बाटलीचा एक तुकडा होता, काचवाल्याच्या खिशात असं काहीबाही असतंच, तो त्यांनी त्या सपाट काचेवर ठेवला. भांडारखोलीची पोपडे आलेली भिंत हिरवीगार झाली. तुकडा फिरवला तर भिंतभर पानांसारखं काहीतरी हललं. आम्ही दोघं तोंड उघडं टाकून बघत राहिलो. मी त्या दिवसांत एक नाटक घेऊन बसले होते, धरणात गेलेल्या गावाचं. सगळं जमत होतं, रंगमंचावर गाव बुडवायचं कसं तेवढं सोडून. निळी साडी दोन्ही बाजूंनी धरून हलवायची, ही आमच्या मंडळींची कल्पना. मला त्या साडीची लाज वाटत होती.

रफिकभाईंनी काचेची उथळ पेटी केली. चारी कडा सिलिकॉननं बंद, खालून उजेड आरपार. माती मी किन्हीराजाहून आणली, माझं माहेर तिथलं. काळी माती, माझ्या मैद्याच्या चाळणीनं चाळलेली. ती चाळणी पुढं कधी मैद्याच्या कामी आली नाही. त्या मातीचं गाव ते पेटीत उभं करायचे. अंगठ्यानं, पत्त्याच्या कापलेल्या पानानं, पोस्टकार्डाच्या कडेनं. घरं, कमान, विहीर, लिंबाचं झाड. पडद्याच्या मागून उजेड टाकला की पुढं बसलेल्यांना त्या गावाची काळी सावली पांढऱ्या कापडावर पुरुषभर उंच दिसायची. आणि मग पाणी. चमच्यानं, कडेकडेनं. माती फुगायची, एक भिंत वाकायची, क्षणभर थांबायची आणि बसायची.

पहिल्यांदा मी म्हटलं, "रफिकभाई, जरा लवकर टाका ना पानी. डायलॉग संपून जातात."

"पानी घाई करत नाही मॅडम. माझ्या मावशीचं गाव गेलं ना धरनात. मी पाह्यलं. आधी वाट जाते, मंग विहीर. मंग लोकाईले वाटते, आता थांबलं. थांबत नाही थे."

त्या पाण्यापायी मी संवाद कापले. लिहिणाऱ्याला काय वाटलं असेल ते सोडा, लिहिणारी मीच होते.

एक गोष्ट मला अजून कौतुकाची वाटते. पाणी गार चालायचं नाही. खालच्या दिव्यानं काच तापलेली असायची. एका तालमीत नळाचं पाणी ओतलं आणि पेटी तडकली, सगळं गाव टेबलावरून त्यांच्या पायजम्यावर. दुसऱ्या दिवसापासून रफिकभाई चहाच्या थर्मासमध्ये कोमट पाणी आणायला लागले. मनगटावर एक थेंब टाकून बघायचे, लहान लेकराचं दूध बघतात तसं. प्रवेश अकरा मिनिटांचा होता. अकरा मिनिटं ते त्या दिव्यावर ओणवे, कपाळाचा घाम पेटीत पडू नये म्हणून डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं. आणि प्रत्येक तालमीला गाव नव्यानं. कालचं गाव आज मिळायचं नाही.

या सगळ्याला काय म्हणायचं, कोणाला माहीत नव्हतं. अर्ज भरायला बसले तर रकानाच नाही. स्पर्धेच्या केंद्रावर फोन केला. तिकडून एक कंटाळलेला आवाज म्हणाला, "नेपथ्यात टाका. नाहीतर प्रकाशात टाका. नाहीतर राहू द्या." नेपथ्यात आमचे जाधव होते, एसटीत कंडक्टर, त्यांनी बांबूचा सांगाडा केला होता. प्रकाशात दिनेश होता, दिवे भाड्यानं देणारा. दोघांचीही नावं खोडवेनात. शेवटी अगदी खाली, विशेष सहकार्य या ओळीत मी रफिकभाईंचं नाव लिहिलं. आमच्या शाळेला पंखे आणि खुर्च्या देणाऱ्या मंडपवाल्याचं नावही त्याच ओळीत होतं.

प्रयोग अकोल्याला झाला, दुपारच्या सत्रात. पाण्याच्या प्रवेशाला सभागृह असं शांत झालं की मला विंगेतून स्वतःचा श्वास ऐकू येत होता. विहीर गेली. कमान वाकली. मग पाणी थांबलं, आणि मला माहीत असूनही वाटलं की आता थांबलं. पुढच्या रांगेत एक म्हातारी "अगं माय" म्हणाली. शेवटचं घर बसलं तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. बऱ्याच वेळानं पडल्या.

आणि बक्षीस समारंभात काय झालं? प्रकाशयोजनेचं दुसरं पारितोषिक आमच्या दिनेशला. कशासाठी, तर पाण्याच्या प्रवेशातील परिणामकारक प्रकाशयोजनेसाठी! त्या प्रवेशात दिनेशनं काय केलं होतं सांगू? माझ्या सांगण्यावरून सगळे दिवे बंद केले होते आणि हाताची घडी घालून उभा राहिला होता. बस. दिवे विझवण्याबद्दल त्याला ढाल मिळाली. तो गेला, वाकून नमस्कार केला, घेतली, फोटो काढला. परत येताना माझ्याशी डोळा मिळवला नाही, एवढी लाज तरी होती.

मी तशीच परीक्षकांकडे गेले. तिघांतल्या मोठ्या गृहस्थांनी अत्यंत गोड आवाजात विचारलं, "बाई, तो व्हिडिओ कुठून डाउनलोड केला तुम्ही? मूळ स्रोताचा उल्लेख करायला हवा होता."

"व्हिडिओ नव्हता सर. माती होती. खरी माती. माणूस होता मागं."

"हो का?" ते म्हणाले. "छानच. पण असं आहे, त्याचं पारितोषिकच नाही ना आमच्याकडे. मग देणार कुठून?"

हे वाक्य अकरा वर्षं माझ्या डोक्यात घर करून आहे. त्याचं पारितोषिकच नाही. मिश्या नीट चिकटवल्याबद्दल पारितोषिक आहे. नऊवारी नेसवल्याबद्दल आहे. तबल्यावर दोन थापा मारल्याबद्दल आहे. त्या सगळ्यांबद्दल मला आदर आहे, मिशी चिकटवणंही सोपं नसतं, माझ्या एका सरपंचाची मिशी ऐन भाषणात लोंबायला लागली होती. पण एक माणूस मातीचं गाव रचतो, प्रत्येक प्रयोगाला नव्यानं रचतो, आणि शेदोनशे लोकांच्या डोळ्यांसमोर ते पाण्यात घालतो, त्याला तुमच्या कागदावर नावच नाही. ज्याला नाव नाही ते घडलंच नाही, असा हा हिशोब. आणि वर गोड आवाज.

नाव पुकारलं जाणं काय असतं ते मला कोणी शिकवायला नको. किन्हीराजात आमच्या वस्तीत जयंतीला कार्यक्रम व्हायचा. माझे बाबा गाणाऱ्यांच्या मागं उभे राहून साथ धरायचे. कार्यक्रम सुरू होण्याआधी एक मास्तर कागद घेऊन उभे राहायचे आणि नावं वाचायचे. गाणारे, वाजवणारे, पताका लावणारे, सतरंजी झटकणारे. गॅसबत्ती पेटवणाऱ्याचंही पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. ज्यांना गावात वर्षभर कोणी अरे-तुरेशिवाय हाक मारत नसे, त्यांना त्या एका संध्याकाळी पूर्ण नाव मिळायचं. बाबांचं नाव आलं की आई पदर सारखा करायची. मी सात-आठ वर्षांची असेन, पण मला कळायचं की काहीतरी मोठं चाललंय.

म्हणून तर मी पेटले होते. अकोल्याच्या त्या सभागृहामागं रफिकभाई नळावर पेटी धूत होते. मी तावातावानं सगळं सांगितलं. दिनेशचं, त्या गोड गृहस्थांचं. ते पेटी उताणी करून पाणी निथळू देत होते.

"जाऊ द्या मॅडम," ते म्हणाले. "साडेपाचची गाडी भेटली पाहिजे."

पुढच्या वर्षी मी त्यांना पुन्हा विचारलं. लग्नसराई आहे, आरशांच्या ऑर्डरी आहेत, म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षी पाठ दुखते म्हणाले. मी समजले, माणूस दुखावलाय, त्या परीक्षकांनी त्याला तोडलं. माझा राग त्यामुळं आणखी वाढला. कुठल्याही मेळाव्यात, शिबिरात, माईक हाती आला की मी रफिकभाईंची गोष्ट सांगायची. थर्मास, कोमट पाणी, मनगटावरचा थेंब. लोक हळहळायचे. केंद्राला पत्रं पाठवली, एकदा नव्हे, चारदा. एकाचंही उत्तर आलं नाही. माझी बदली वाशिमला झाली, प्रोजेक्टर मुख्याध्यापकांची परवानगी काढून मी सोबत आणलं, कपाटावर ठेवलं. दर वर्षी तूर फुलली की ते पुसायचं आणि चिडायचं, असा माझा हंगाम.

आणि आता हा नवा रकाना. त्या दिवशी चहा पुसून झाल्यावर मी खालच्या अटी वाचल्या. प्रक्षेपणाची संगणकीय फाइल पेनड्राइव्हवर आगाऊ सादर करावी. वापरलेल्या सॉफ्टवेअरचे नाव नमूद करावे. फाइल सादर न केल्यास प्रवेशिका या पारितोषिकासाठी विचारात घेतली जाणार नाही. म्हणजे बक्षीस काढलं ते दिव्याचं, सावलीचं, माणसाच्या हाताचं नव्हे, पेनड्राइव्हचं काढलं. किन्हीराजाची माती पेनड्राइव्हमध्ये कशी भरायची ते यांनी मला येऊन दाखवावं. अकरा वर्षांपूर्वी व्हिडिओ समजून आमचं काम डावललं, आता व्हिडिओ नाही म्हणून डावलणार. पाचवा तास नववीचा होता, त्या बिचाऱ्यांना विनाकारण बोलणी बसली.

रविवारी मंगरूळपीरची एसटी धरली. दोन्ही बाजूंना तूर फुललेली, मध्येच संत्र्याचा एखादा बगिचा. रफिकभाई दुकानातच होते. दाढी पांढरी झालीय, जाड भिंगाचा चष्मा आलाय. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी नसीमभाभी वारल्या, तेव्हा मी भेटून आले होते, त्यानंतर आत्ताच. त्यांनी शेजारून चहा मागवला. मी स्टुलावर बसले आणि सुरू झाले. रकाना वाचून दाखवला, अट वाचून दाखवली. म्हटलं, "आपुन लढू रफिकभाई. मी लिहून देतो त्याइले, फाइल नाही, माती हाय म्हना. यंदा तेच नाटक पुन्हा करू. तुमचं नाव या रकान्यात मी लिवतोच. पाहू कोन खोडते. त्या परीक्षकाईनं तुमच्यावर केवढा अन्याय केला, मी अजून इसरली नाही!"

ते एका आरशाची कड घासत होते. ओल्या दगडावर काच घासल्याचा बारीक आवाज चालू होता. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी हात थांबवले.

"मॅडम, एक इचारू?"

"इचारा ना."

"तवा नाटकाच्या आधी अनाउन्समेंट कोनं केल्ती?"

"मीच केल्ती. काहून?"

"नसीम आल्ती त्या दिवशी अकोल्याले. तुमाले सांगतलं नव्हतं. मागच्या रांगेत बसली होती, बुरख्यात. जिंदगीत पयल्यांदा नाटक पाहाले आल्ती." ते आरशाकडे बघत बोलत होते. "आता पडद्यामागं मशीनचा पंखा चालू राह्यते, मले माईकचं काही आयकू येत नाही. म्हनून मीच तिले म्हनलं होतं, माझं नाव कसं घेतात थे ध्यान देऊन आयक, मंग मले सांग."

मी हातातला मोबाइल मांडीवर उपडा ठेवला.

"गाडीत मले म्हने, सबका नाम लिया. कपडे इस्तरी करनेवाले का भी लिया. तुम्हारा कब लेनेवाले थे?"

आणि मला आठवलं. अकरा वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं, इतक्या ठिकाणी ती गोष्ट सांगताना एकदाही नाही. विंगेत उभी होते मी, एका हातात माईक, दुसऱ्या हातात अर्जावरूनच उतरवून काढलेला कागद. दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाश, संगीत, वेशभूषा. मी शेवटच्या ओळीवर आले आणि तिसरी घंटा झाली. वेळ मोजली जात होती. सरपंचाची भूमिकाही करणारे जाधव वेष चढवून खूण करत होते, आटपा. मी म्हटलं, "आणि इतर सर्व सहकारी," आणि माईक बंद केला. मंडपवाल्याबरोबर रफिकभाईंना मी दोन शब्दांत गुंडाळून टाकलं. त्या कागदावर परीक्षकांची सही नव्हती, केंद्राचा शिक्का नव्हता. तो माझ्या अक्षरातला होता. त्यावर रकाना आखायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती.

"तुमी मले तवाच काहून नाही सांगतलं?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. रागच होता त्यात, पण तो आता कोणावर काढायचा ते कळत नव्हतं.

"काय सांगू? तुमी तं माझ्यासाठी परीक्षकावर चिडून राह्यल्या होत्या." ते किंचित हसले. त्या हसण्यात टोचून बोलणं नव्हतं, असतं तर बरं झालं असतं. "थ्या परीक्षकाचं काय घेऊन बसल्या मॅडम. थे तं मले ओळखत बी नव्हते."

चहा आला. कोणी प्यायलं नाही. रस्त्यावरून एक जीप हॉर्न वाजवत गेली. मी सगळं एका दमात बोलले, की यंदा पहिलं नाव तुमचं घेईन, दिग्दर्शनाच्याही आधी, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, तिसरी घंटा होवो नाहीतर चौथी. बक्षीस मिळो न मिळो. अट गेली चुलीत. मला रडू येत होतं आणि मला रडायचं नव्हतं, कारण तिथं रडण्याचा हक्क माझा नव्हता.

रफिकभाईंनी आरसा उचलला, उजेडाकडे तिरपा धरून घासलेली कड बोटानं तपासली.

"काम करतो मी," ते म्हणाले. "पानी कसं सोडायचं थे दुसऱ्या कोनाले येत नाही. नावबी घ्या, तुमच्या मनात हाय तं. पन मी तं पडद्यामागं राहीन मॅडम. आता आयकून मले कोन सांगनार?"